घारीचे रुपये

गादीवर चौऱ्याऐंशी नाणी होती. सात-सातच्या बारा ओळी. त्यांपैकी एकतीस नाण्यांवर चिनी सराफांनी पारखून हाणलेले बारीक ठसे होते, दोन नाण्यांना भोक होतं, आणि एकाची कड कोणीतरी कानशीने घासून थोडी चांदी काढून घेतली होती. प्रत्येकाच्या एका बाजूला चोचीत साप धरलेला पक्षी होता. तो गरुड की घार, यावर अर्धा तास गेला आणि घार ठरली. गादीभोवती माणसं साडेचार: जुन्नरच्या या दुकानाचे मालक माणिकचंद, त्यांचा पुतण्या गुलाबचंद, पलटणीतून परत आलेला सावळाराम, त्याची आई साळुबाई, आणि आतल्या दाराआड उभ्या असलेल्या मोहनबाई. त्या फक्त ऐकत होत्या, असं निदान माणिकचंद धरून चालले होते, म्हणून अर्ध्या.

"एक रुपया सहा आणे," माणिकचंद म्हणाले.

"म्हंजी?" सावळारामने विचारलं.

"एकाला. चौऱ्याऐंशीचे एकशे पंधरा रुपये आठ आणे."

सावळाराम हसला. शेटजींना थट्टेची सवय आहे, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. मग आपण एकटेच हसतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"शेटजी, तिकडं मी दीड रुपयाला एक घेतलाय."

"मग तिकडच्याने तुला बराच महाग दिला."

सावळाराम पलटणीबरोबर चीनला गेला, तेव्हा तिथल्या बाजारात हा मेक्सिकोचा डॉलर चालत होता. एका डॉलरला दीड रुपया पडे. सावळारामने पहिल्याच दिवशी एका हातात डॉलर आणि दुसऱ्या हातात रुपये धरून पाहिले. सव्वादोन रुपयांहून जड नाणं हे लोक दीड रुपयाला देतात! आठवडाभर त्याला चिनी लोकांची कीव आली. दुसऱ्या आठवड्यापासून त्याने खरेदी सुरू केली. बाकीचे शिपाई पोस्टातून घरी पैसे पाठवत होते आणि हा त्यांना मनातल्या मनात हसत होता.

महाळुंगे पडवळला परतल्यावर त्याने हिशेब मांडला. चौऱ्याऐंशी डॉलर, सव्वादोनच्या भावाने एकशे एकोणनव्वद रुपये. त्याचा चुलतभाऊ रखमाजी सासऱ्याची शेती करायला शिनोलीला राहायला गेला होता आणि गावातल्या विहिरीतला आपला वाटा विकत होता. सोळा दिवसांतल्या पाणी काढायच्या आठ पाळ्या. सावळारामच्या बापाने वाटणीत वरची जमीन घेतली होती. ती मोठी होती, पण तिच्या वाट्याला पाण्याची एकही पाळी नव्हती. सावळारामने एकशे नव्वदला शब्द दिला. वरचा एक रुपया घरचा घालणार होता. रविवारी बाजाराला रखमाजी जुन्नरला येणार होता. पैसे मिळाले नाहीत तर पाळ्या वरच्या आळीच्या जानकूला जाणार होत्या. आज शुक्रवार.

"थांबा," गुलाबचंद म्हणाला.

माणिकचंदांच्या, म्हणजे आमच्या घराण्यात हा शब्द पुढे बऱ्याच आपत्तींच्या आधी उच्चारला गेला. पण त्याची सुरुवात इथे झाली.

गुलाबचंद नुकताच पुण्याहून बी.एस्सी. होऊन आला होता. त्याची आई बाळंतपणात गेली, तेव्हा साळुबाईने त्याला सावळारामबरोबर अंगावर पाजलं होतं. त्यामुळे सावळाराम त्याचा दूधभाऊ. दूधभावाला न्याय मिळवून देण्याची आणि शास्त्र वापरून दाखवण्याची संधी एकाच दिवशी चालून आली होती, आणि यांतली कोणती आपल्याला जास्त आवडली, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

त्याने तराजू मागवला. एका पारड्यात चौऱ्याऐंशी डॉलर ठेवले. दुसऱ्यात गल्ल्यातले रुपये टाकायला सुरुवात केली. एकशे अठ्ठावन्नला गल्ला संपला आणि डॉलरचं पारडं जमिनीलाच.

"संपले," माणिकचंद म्हणाले. त्यांना जरा बरं वाटलं.

तेवढ्यात दाराआडून हात आला आणि हातात पुरचुंडी. तीत छत्तीस रुपये होते. माणिकचंदांनी हाताकडे पाहिलं, पुरचुंडीकडे पाहिलं आणि तीस वर्षांच्या संसारात प्रथमच आपल्या घरात दोन गल्ले आहेत हे त्यांना समजलं.

एकशे त्र्याण्णवला पारडं हललं. एकशे चौऱ्याण्णवला काटा मधोमध उभा राहिला.

"एकेक डॉलर दोन रुपये पाच आणे भरतो," गुलाबचंद म्हणाला.

"वजनाने," माणिकचंद म्हणाले.

"हिणकस असेल असं म्हणताय? तेही बघू." त्याने तराजूला दोऱ्याने डॉलर टांगून पाण्यात सोडला, मग रुपया सोडला. पाणी मोहनबाईंनी गाळून दिलं. न गाळलेलं पाणी आमच्या जैन घरात विज्ञानालाही मिळत नसे. पाऊण तासाने त्याने सांगितलं, की दोन्ही नाण्यांतली चांदी जवळजवळ सारख्या कसाची आहे. "चांदी ती चांदी, काकासा. निसर्गाला मेक्सिको आणि इंग्लंड यांतला फरक कळत नाही."

"मुंबईच्या आडत्याने परवाच कळवलंय. डॉलरचा भाव एक रुपया सात आणे. त्यातून नेण्याचं भाडं गेलं..."

"पण सातच का?"

"का म्हणजे? भाव आहे तो."

"त्याला काही कारण असेल ना?"

माणिकचंदांनी तोंड उघडलं. कारण त्यात नव्हतं. भाव मुंबईहून येतो, जसं हवामान समुद्राकडून येतं. त्याचं कारण विचारायचं असतं हे त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं नव्हतं.

"एकशे चौऱ्याण्णव रुपयांएवढी चांदी," गुलाबचंद हळू म्हणाला, "घरच्या माणसाकडून एकशे पंधराला मागायची. याला काय म्हणतात, काकासा?"

 माणिकचंद गल्ल्याचे रुपये परत मोजू लागले.

"गुलाबा," साळुबाई म्हणाली, "काकाला असं बोलत्यात व्हय?"

"साळूमाय, तुझेच पैसे बुडतायत!"

"बुडू दे. आधी त्यांची माफी माग."

"अजिबात मागू नकोस," दाराआडून मोहनबाई म्हणाल्या. "बरोबर बोलतोय तो."

अशा रीतीने संध्याकाळपर्यंत दोन तट पडले. एका बाजूला माणिकचंदांचा पुतण्या आणि बायको. दुसऱ्या बाजूला माणिकचंद, आणि ज्यांना त्यांनी लुबाडलं असं पहिल्या बाजूचं म्हणणं होतं त्यांतली अर्धी, म्हणजे साळुबाई. सावळाराम कुठल्याच बाजूला नव्हता. तो डॉलर परत पिशवीत भरत होता आणि दर वेळी त्याचा आकडा चुकत होता.

---

आमच्या घरात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. त्यामुळे भांडण किती मोठं झालं हे मोजायला सोय होती. लहान भांडणात माणूस पानावर येऊन गप्प जेवे. मध्यम भांडणात भाकरी अर्धी टाके. त्या दिवशी माणिकचंद पानावर आलेच नाहीत आणि ऊन कौलांवरून उतरलं.

ते दुकानातच बसून राहिले होते. रागापेक्षा त्यांना एक वेगळीच धास्ती वाटत होती. पोराचं म्हणणं खरं असेल तर? तीस वर्षं आपण मुंबईचा भाव सांगत आलो. गुलाबचंदच्या शिक्षणाला आपणच पैसे दिले. तो शिकून आला आणि त्याने सांगितलं, की तुम्ही लबाड आहात. आता शिक्षण फुकट गेलं म्हणावं, तर पैसे आपले. सार्थकी लागलं म्हणावं, तर लबाड आपण.

मोहनबाई दिवा घेऊन आल्या.

"ते छत्तीस रुपये कुठले?" माणिकचंदांनी विचारलं.

"चांदीचे."

"ते दिसलं. आले कुठून?"

"तुम्ही दर महिन्याला घरखर्चाला देता, त्यात मी तुमच्यासारखंच करते. थोडं वजा करून पुढे देते." त्या खाली बसल्या. "खरं सांगा. सावळ्याच्या पैशांत तुम्हाला किती सुटतील?"

"पाच-सहा रुपये. त्यात आडत आणि भाडं."

"बास?"

"बास."

"मग एवढ्यासाठी जेवण कशाला सोडलंत?" मोहनबाई म्हणाल्या. त्यांची बाजू इथे निम्मी बदलली. पण गुलाबचंदला त्यांनी ते कळवलं नाही.

---

गुलाबचंदला पटण्यासारखा प्रयोग करायचा होता. त्याने रात्रभर विचार करून तो शोधला, आणि शनिवारी सकाळी सगळ्यांना घेऊन शेजारच्या भागू सोनाराकडे गेला. माणिकचंदही आले. उपाशी माणसाला घरी बसवत नव्हतं.

"काकासा म्हणतात, डॉलर इथे नाणं नाही, नुसती वितळवायची चांदी आहे," गुलाबचंदने मांडणी केली. "ठीक. मग रुपयाही वितळवू. त्याची किती चांदी येते बघू. जो न्याय डॉलरला तोच रुपयाला."

"रुपया वितळवायचा?" भागूने फुंकणी खाली ठेवली. "सरकार धरंल मला."

"सरकारने धरलं तर मी उत्तर देईन."

"तुमी इंग्रजीत द्याल. मला मराठीत मारतील."

रुपया मोहनबाईंच्या छत्तीसांतला होता. भागूने मुशीत टाकला, कोळसे फुलवले. सगळे वाकून बघत राहिले. राणीच्या चेहऱ्याचं आधी नाक गेलं, मग मुकुट बसला, मग सगळं एकदम लोण्यासारखं झालं. साळुबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, जसा ती प्रेत पाहून ओढायची.

थंड झाल्यावर भागूने गोळी तोलली. बारा मासे, एक गुंज कमी.

"जवळजवळ तोळाभर," गुलाबचंद म्हणाला. त्याचा आवाज विजयी होता. "बघा काकासा, कुठेही काही गेलं नाही. भागू, ही घे आणि सोळा आणे दे."

"दहा देईन."

"काय?"

"दहा आणे. शुद्ध चांदी अकरा आण्यांनी तोळा चाललीय. ही तेवढी शुद्ध न्हाई."

"अरे, पण मघाशी हिचे सोळा आणे होते!"

"मघाशी व्हते," भागू म्हणाला. "त्या वक्ताला माझ्याकडं कशापायी आणली?"

गुलाबचंद गोळी घेऊन आणखी दोन सोनारांकडे गेला. एकाने दहा आणे सांगितले. दुसऱ्याने साडेनऊ, आणि ही चोरीची आहे का असं वर विचारलं.

मग तो भागूच्या ओट्यावर पाटी घेऊन बसला. रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी. दहा आणे एक पै; बारा पैंचा आणा. डॉलरमध्ये शुद्ध चांदी दोन तोळ्यांहून किंचित जास्त. एक रुपया सात आणे एक पै. हा हिशेब त्याने तीनदा केला, कारण पहिल्या दोन वेळी काका बरोबर निघाले. तिसऱ्यांदाही निघाले.

"म्हणजे रुपयातले सहा आणे चांदीचे नाहीतच," तो स्वतःशीच म्हणाला. "ते छापाचे आहेत. पण छाप मारायला सहा आणे लागत नाहीत. मग कोणीही चांदी नेऊन रुपये का पाडून घेत नाही?"

"आता घेत नाहीत," माणिकचंद म्हणाले.

"आता म्हणजे?"

"माझे वडील चांदीच्या लगडी मुंबईच्या टांकसाळीत द्यायचे आणि रुपये आणायचे. कोणालाही देता यायच्या. आठ वर्षांपूर्वी सरकारने ते बंद केलं. आता रुपया पाडायचा तो फक्त सरकारने." ते बोलता बोलता थांबले. "त्याच्यानंतर चांदी उतरत गेली आणि रुपया होता तिथेच राहिला. मला वाटायचं, चांदीला काहीतरी झालंय."

 काकांकडे आठ वर्षं कारण पडून होतं आणि त्यांना प्रश्न माहीत नव्हता. पुतण्याकडे कालपासून प्रश्न होता आणि त्याने तराजू आणला होता. आमच्या घराण्याची विद्या आणि आमच्या घराण्याचा धंदा एका ओट्यावर बसल्यावर एवढं समजलं, त्याला एक रुपया खर्च आला.

"मग मी लबाड नाही?" माणिकचंदांनी विचारलं.

"डॉलरमागे तेरा पै आहात, काकासा." गुलाबचंदने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "चुकलं माझं."

"त्या तेरा पैंत भाडं आणि आडत आहे," माणिकचंद म्हणाले, आणि घरी जाऊन चार भाकऱ्या जेवले.

सावळाराम ओट्यावरच बसला होता. "गुलाबभाऊ, मंग मी तिकडं काय केलं, त्ये सांगा."

"तू राणीचा छाप देऊन चांदी विकत घेतलीस."

"आन् त्यो चिनी सराफ?"

"त्याने छाप घेतला."

सावळारामने मान हलवली. "म्या त्याची कीव केली व्हती हो," तो म्हणाला. "आठवडाभर."

---

रविवारी रखमाजी आला. त्याच्या खांद्यावर नवी घोंगडी होती आणि सासुरवाडीला राहायला गेलेल्या माणसाची थोडी जास्तच ऐट होती. तो गादीवर टेकला, ओळी बघितल्या आणि एक डॉलर उचलला. तळहातावर उडवला. पुन्हा उडवला.

"ह्येच का त्ये? वजनाला लई हाय रं."

"हाय," सावळाराम म्हणाला.

"आडीच रुपय तरी भरंल." रखमाजीने शेटजींकडे संशयाने पाहिलं आणि आवाज उतरवला. "सावळ्या, तू ह्येंच्याकडं मोडू नकोस. मला रुपय नकोत. ह्ये चौऱ्याऐंशी घारीच दे. इहिरीच्या आठ पाळ्या तुझ्या. आत्ता."



दाराआडून मोहनबाई खोकल्या. तो खोकला स्पष्ट होता: घे म्हणून टाक. माणिकचंद धोतराचा सोगा नीट करू लागले. गिऱ्हाइकाच्या व्यवहारात तोंड घालायचं नाही हा त्यांचा नियम होता, आणि आजच्याइतका तो त्यांना कधी जड गेला नव्हता. गुलाबचंदला शुक्रवारपासून प्रत्येक गोष्टीवर मत होतं. आज ते सापडेना.

सावळारामला वरची जमीन दिसत होती. तो लहान असल्यापासून तिच्या बांधावर उभा राहून खालच्या मोटेचं कुरकुरणं ऐकायचा. पाणी खालच्या पाटाने दुसऱ्यांच्या कांद्याला जायचं. त्या आवाजासाठी तो पलटणीत गेला होता. आता नुसतं हं म्हणायचं होतं. लबाडीसुद्धा नाही; रखमाजीने स्वतःच मागितले होते, स्वतःच तोलले होते. जशी त्याने स्वतः तोलली होती, तिकडे, चिनी सराफाच्या फळीपाशी. तो सराफही काही बोलला नव्हता. नुसता मान डोलावत होता.

सावळारामने आईकडे पाहिलं. साळुबाई डॉलरकडे बघत होती.

"दादा," तो म्हणाला, "ह्येचं हितं एकशे पंधरा रुपय येत्यात. निस्ते एकशे पंधरा."

"आँ?"

"वजन हाय, पर भाव न्हाई. मीबी असाच फसलो."

रखमाजीने डॉलर खाली ठेवला नाही. त्याचे डोळे बारीक झाले. "कुणी शिकवलं तुला? ह्या शेटनं? माझ्याकडं ह्ये जाऊ ने म्हून?"

"न्हाई, दादा."

"आडीच रुपय भरंल आसं नाणं, आन् दीडच्या खाली? मला काय खुळं समजलाय व्हय?"

"बी.एस्सी. झालेल्यालाही समजलं नव्हतं," माणिकचंद पुटपुटले. गुलाबचंदने ते ऐकलं नाही असं दाखवलं.

"त्यो एक घिऊन बाजारात जा," सावळाराम म्हणाला. "तुला पाहिजे त्याला इचार. मी येत न्हाई, शेटजी येत न्हाईत. एकलाच जा."

रखमाजी गेला. मोहनबाई दारातून अर्ध्या बाहेर आल्या. "खुळा आहेस, सावळ्या," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन त्याच्यासाठी गूळ-शेंगदाणे घेऊन आल्या.

बऱ्याच वेळाने रखमाजी परतला. घोंगडी आता खांद्यावरून घसरलेली होती.

"एक रुपया पाच आणे," तो बसत म्हणाला. "दुसरा म्हणाला एक चार. तिसऱ्यानं दात लावून बघितला आन् म्हणाला, एक पाच दिले आस्ते, पर दात दुखला, आता एक चार."

 आधी साळुबाई हसली, मग सगळे.

"सावळ्या," रखमाजी म्हणाला, "फसवायचं आसतं तर आत्ता चांगला मोका व्हता."

"व्हता."

"मंग?"

"मंग तू दर बाजारला शिनोलीवरनं मला शिव्या द्याया आला आसतास. त्यापरीस ह्ये बरं."

रखमाजीने दाढी खाजवली. "पर एकशे पंधरात आठ पाळ्या न्हाई देत मी. जानकू एकशे नव्वद रोख मोजतोय."

"सुटी पाळी विकशील?" गुलाबचंदने विचारलं. त्याने पाटी पुढे ओढली, मग काकांकडे बघून हात मागे घेतला. माणिकचंदांनी मान हलवून परवानगी दिली. "एकशे नव्वदला आठ. म्हणजे एक पाळी तेवीस रुपये बारा आणे."

"इकीन," रखमाजी जरा विचार करून म्हणाला. "जेवढ्या झेपतील तेवढ्या ह्येला. ऱ्हायल्याल्या जानकूला."

"एकशे पंधरा-आठमध्ये चार बसतात, आणि पाचवीला सव्वातीन रुपये कमी पडतात," गुलाबचंद म्हणाला आणि थांबला. या वेळी त्याने काकांना काही विचारलं नाही.

माणिकचंदांनी डॉलरांची एक ओळ आपल्याकडे सरकवली. "डॉलरमागे आठ पै चढवतो," ते शेवटी म्हणाले. "त्यात मला काही उरत नाही."

"तेरातून आठ गेले," दाराआडून मोहनबाई म्हणाल्या.

"पाच पै उरतात," माणिकचंद म्हणाले.

डॉलर एक रुपया सहा आणे आठ पै या दराने घेतले गेले. चौऱ्याऐंशी डॉलरांचे एकशे एकोणीस रुपये झाले. रखमाजीला एकशे अठरा रुपये बारा आणे दिले. सावळारामच्या वाट्याला सोळा दिवसांतल्या पाच पाळ्या आल्या आणि हातात चार आणे उरले.